क्लाउन लोच लपतो, आडवा पडतो, अंगावर ठिपके येतात: औषधाआधी बघायच्या गोष्टी

नमस्कार. तुम्ही माहिती नीट दिलीत, त्यामुळे अंदाजानं बोलावं लागणार नाही. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून ती आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नाशिकला असता. टँक ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि दीड फूट उंच. झाडांबरोबर आलेल्या गोगलगायी आवरेनात म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून दिवाळीनंतर दोन-दोन इंचांचे ३ क्लाउन लोच, म्हणजे गोगलगायी खाणारे मासे, आणलेत, त्यातला एक गेला. उरलेले दोघे दिवसभर फिल्टरच्या मागे असतात, त्यातला एक मधूनच कुशीवर पडलेला दिसतो, आणि आता दोघांच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके आलेत. सोबत दोन गोल्डफिश, एक एंजल आणि काही गप्पी. हीटर नाही. तुम्ही विचारलंय की औषध कोणतं, हे का लपतात, ‘टँक जेवढा तेवढाच मासा वाढतो’ हे खरं का, मोठा टँक घ्यायचा तर केवढा, आणि गणपतीला आठवडाभर गावी गेल्यावर त्यांचं काय करायचं.

ठिपक्यांचा इलाज सांगतोच, तो तातडीचा आहे. पण ठिपके, लपणं आणि एकाचं मरणं या तीन वेगळ्या तक्रारी नाहीत. क्लाउन लोच घोळक्यात राहणारा, फूटभर वाढणारा आणि उबदार पाण्यातला मासा आहे. तुमच्याकडे तो जोडीनं, अरुंद टँकमध्ये आणि डिसेंबरच्या नाशिकच्या पाण्यात आहे. मी घरोघरचे टँक सांभाळायचं काम करतो, आणि या माशाच्या बाबतीत मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा अशाच परिस्थितीत. औषधानं ठिपके जातात आणि पुढच्या थंडीत परत येतात, कारण ज्या कारणानं आले ते तिथंच असतं.

आधी ठिपके. हा ‘इक’ आहे असं धरून चालू. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत शिरून वाढणारा एकपेशीय परजीवी. तो कातडीत असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पूर्ण वाढला की सुटून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्लं सोडतो. ती पोहत मासा शोधतात आणि एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेवर. हे कळलं की दोन गोष्टी आपोआप समजतात. एक म्हणजे ठिपके दिसेनासे झाल्यावर इलाज थांबवायचा नसतो. दुसरी म्हणजे थंड पाण्यात हे चक्र आठवडे लांबतं आणि उबदार पाण्यात काही दिवसांत पूर्ण होतं, म्हणून पाणी गरम केल्याशिवाय औषध टाकण्यात अर्थ नाही.

तेव्हा आज थर्मोस्टॅटचा हीटर आणा. तुमच्या टँकमध्ये रेती आणि वरची मोकळी जागा वजा केली तर जेमतेम ११० लिटर पाणी असेल, त्याला १०० ते १५० वॉटचा पुरतो. तापमान एकदम चढवू नका, दिवसाला दोनेक अंश या बेतानं ३० अंशांपर्यंत न्या. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. इक कल्ल्यांतही बसलेला असतो, म्हणजे माशाला आधीच श्वास पुरत नसतो. म्हणून हीटर लावाल त्याच दिवशी एअर पंपही चालू करा आणि रात्री बंद करू नका.

गोल्डफिशना ३० अंश सोसणार नाहीत. त्यांना वेगळ्या टबात हलवा. पण तेही बाधित आहेत असंच समजा आणि तिथेही इलाज करा, नाहीतर दोन आठवड्यांनी रोग घेऊनच ते परत येतील.

औषधाबद्दल बोलायचं तर लोचच्या अंगावरचे खवले अगदी बारीक आणि कातडीत रुतलेले असतात, त्यामुळे रसायनं त्याला इतर माशांपेक्षा लवकर बाधतात. ठिपके मोजता येण्याइतके असतील आणि श्वास शांत असेल, तर मी उष्णतेसोबत फक्त मीठ वापरतो. लिटरला १ ग्रॅम, मगात विरघळवून, दिवसभरात तीन-चार हप्त्यांत. नाजूक पानांच्या झाडांना त्याचा थोडा त्रास होईल, तो पत्करावा. कल्ले भराभर हलत असतील किंवा ठिपके रोज वाढत असतील तर थांबू नका. फॉर्मलिन आणि मॅलॅकाइट ग्रीन असलेलं औषध बाटलीवर दिलेल्या मात्रेच्या निम्मं टाका आणि फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. तांबं असलेलं औषध नको. ते लोचला जड जातंच, शिवाय तुमच्या शेकडो गोगलगायी एकदम मरून पाणी नासेल. दुकानात सर्रास देतात ते निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मुख्य टँकमध्ये ओतू नका. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्यानं मरतात.

दर दुसऱ्या दिवशी सायफननं तळ ओढून घ्या, कारण कवचातले परजीवी तिथं असतात. काढलेल्या पाण्याइतकं तेवढ्याच तापमानाचं, क्लोरिन काढलेलं पाणी भरा, आणि काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ किंवा औषध परत घाला. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी किमान एक आठवडा हे चालू ठेवा. मग तापमान हळूहळू २७-२८ वर आणून हीटर कायमचा तिथेच राहू द्या. थंडीत हे पाणी रात्री २० अंशांच्या आसपास उतरतं, दुपारी चढतं, आणि या चढउतारानंच हे मासे हमखास इक धरतात.

आता कुशीवर पडण्याबद्दल. हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. क्लाउन लोच विश्रांती घेताना आडवा पडतो, दोन दगडांच्या फटीत उभा अडकून राहतो, कधी उलटासुद्धा. त्याचा तो स्वभाव आहे. आजारी आणि निवांत यांतला फरक असा ओळखायचा. निवांत माशाचा रंग गडद असतो, काळे पट्टे काळेच दिसतात, कल्ले संथ चालतात, आणि तुम्ही काचेजवळ गेलात की तो लगेच सरळ होऊन सटकतो. आजारी मासा फिकट असतो, हलायला कंटाळतो आणि हलला तरी तोल सांभाळत नाही. तुमचा मासा जेवणाच्या वेळी धावत येतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे या एका गोष्टीची चिंता सोडा.

असाच घाबरवणारा दुसरा प्रकार पुढे घोळका केलात की दिसेल. दोन मासे एकमेकांना समांतर, अंगाला अंग लावून गोल-गोल फिरतात आणि बघता बघता दोघांचा रंग उडतो. नारिंगी अंग राखाडी होतं, काळे पट्टे जवळजवळ पुसले जातात, आणि अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा कट्-कट् आवाज काचेबाहेर खोलीत ऐकू येतो. मला यासाठी घाबरून फोन येतात. ही त्यांची मानपानाची लढत असते, घोळक्यात वरचढ कोण ते ठरवण्याची. थोड्या वेळानं सुटते, हरलेला बाजूला होतो, दोघांचे रंग परत येतात. पंखांना किरकोळ चिरा पडल्या तरी स्वच्छ पाण्यात भरून निघतात. मध्ये पडून त्यांना वेगळं करू नका. वेगळा काढलेला परत सोडलात की सगळी उतरंड पुन्हा पहिल्यापासून ठरते.

घोळक्याचा आग्रह मी का धरतो तेही यातूनच कळेल. उतरंड असणाऱ्या माशांत दोघंच असले तर वरचढाचा सगळा जाच एकावरच येतो. तिघांत बहुधा दोघं जमतात आणि तिसरा कोपऱ्यात झिजतो. पाच-सहाच्या वर गेलं की जाच वाटला जातो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना निर्धास्त वाटायला लागतं. हा मासा बाहेर यायचं की नाही हे बरोबरच्यांकडे बघून ठरवतो. एकानं पाइपातून डोकं काढलं की दुसरा, मग तिसरा, आणि पाचेक मिनिटांत सगळे पुढच्या काचेवर. एकटा-दुकटा मात्र अंधार पडेपर्यंत जागचा हलत नाही. तेव्हा ‘लाजाळू आहेत हो’ असं जे म्हणतात ते मला पटत नाही. लाजाळू नाहीत, बिथरलेले आहेत. सतत बिथरलेला मासा कमी खातो, आणि कमी खाणाऱ्याला रोग आधी धरतो.

पण म्हणून उद्याच आणखी चार आणून या टँकमध्ये सोडू नका. आजार चालू असताना नवा मासा आणायचाच नाही. आणि जागेचा प्रश्न वेगळा आहेच.

‘टँक जेवढा तेवढाच मासा वाढतो’ हे खरं नाही. लहान टँकमध्ये वाढ खुंटते, इतकंच खरं. खुंटते ती साचलेल्या घाणीमुळे, हालचाल नसल्यामुळे आणि सततच्या ताणामुळे, आणि असा मासा आपलं आयुष्य पुरं करत नाही. क्लाउन लोच सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला. मत्स्यशास्त्रज्ञ ब्लीकर यांनी १८५२ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि २००४ मध्ये कोटेलाट यांनी त्याला क्रोमोबोटिया या स्वतंत्र प्रजातीत ठेवलं. तिथं तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. घरी चांगला सांभाळला तर २० ते २५ सेंटिमीटर होतो आणि २० वर्षं सहज जगतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठे मासे प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतात, पिल्लं पुराच्या पाण्यात वाढतात. त्यामुळे घरच्या टँकमध्ये त्यांची वीण होईल ही आशा धरू नका. मत्स्यशेतीत होते ती संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन, आणि बाजारातला बराच माल वर्षानुवर्षं नदीतूनच पकडून आलेला आहे. दोन इंचांचं पिल्लू विकत घेताना आपण नदीतल्या मोठ्या माशाची २० वर्षांची जबाबदारी घेतोय, हे दुकानात कुणी सांगत नाही. सांगायला हवं असं मला फार वाटतं.

वाढीचा वेग मात्र तुमच्या बाजूनं आहे. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत तो चार-पाच इंचांवर येतो, पुढे फार सावकाश वाढतो. म्हणजे मोठ्या टँकची सोय आजच हवी असं नाही. सहा छोटे मासे ४ फूट × दीड फूट × दीड फूट टँकमध्ये, म्हणजे सुमारे २५० लिटरमध्ये, दीड-दोन वर्षं व्यवस्थित राहतात. त्यानंतर मात्र ६ फूट × २ फूट × २ फूट याच्या खाली मी जाणार नाही. हा आकडा प्रत्येक जण वेगळा सांगेल. फिल्टर दणकट आहे का, पाणी किती बदलता, बरोबर कोण आहे, यावर थोडंफार इकडेतिकडे होतं. रुंदीवर मात्र मी अडून बसतो. फूटभर लांबीचा मासा फूटभर रुंद टँकमध्ये नीट वळू शकत नाही. उंची कमी असली तरी चालेल, रुंदी हवीच.

६ बाय २ बाय २ म्हणजे नुसतं पाणी ६८० लिटर, तेवढेच किलो. काच, रेती, दगड, स्टँड धरून ८०० किलोच्या वर जातं, आणि ते सगळं सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. आपल्याकडे राहत्या घराच्या स्लॅबसाठी साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरतात. तो पूर्ण खोलीभर पसरलेला धरतात, त्यामुळे टँक ठेवला की स्लॅब खचला असं होत नाही. पण खोलीच्या मध्यावर तो ठेवू नका. बीम जिथून जातो त्या भिंतीलगत, शक्यतो दोन बीमांवर भार जाईल असा ठेवा, आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला एकदा दाखवा. काच १२ मिलिमीटरची, वर पट्ट्या मारलेली. यात पैसे वाचवू नयेत. झाकण घट्ट हवं, लोच उडी मारतो, आणि हीटरच्या वायरसाठी ठेवलेल्या फटीतूनसुद्धा बाहेर पडतो.

आत काय ठेवायचं? रंगीत खडे काढा. लोच तोंड खुपसून तळ चाळतो, धारदार खड्यांनी मिशा झिजतात. धुतलेली बारीक रेती घाला, दोन इंच पुरे. लपायच्या जागा भरपूर द्या. ‘आधीच लपतो, त्यात अजून जागा कशाला’ असं विचारतात. उलट आहे. पळून जायला जागा हाताशी आहे हे माहीत असलं की मासा बाहेर येतो. हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी पाइपचे तुकडे उत्तम, दोन्ही टोकं उघडी, कडा सँडपेपरनं घासलेल्या. सहाही जण एकाच पाइपात कोंबून बसतील, त्यांना तसंच आवडतं. मासे वाढतील तसे पाइप बदला. दोन इंची पाइपात मोठा लोच शिरतो आणि अडकतो, मग पाइप कापून मासा काढावा लागतो. मुख्य दिवा मंद ठेवा.

पाण्याचं. मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी त्यांच्या नदीतलं, पण आपल्या नगरपालिकेच्या पाण्याला, म्हणजे पीएच ७ ते ७.५ असलेल्या, ते चांगले रुळतात. पीएच कमी करायची औषधं रोज टाकून आकडा वर-खाली करण्यापेक्षा आहे तो स्थिर ठेवलेला बरा. बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. मराठवाड्यात आणि पुण्याच्या बाहेरच्या सोसायट्यांत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ८०० च्या वर बघतो, तिथं निम्मं आरओचं पाणी मिसळावं लागतं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला २०-२५ मिलिग्रॅमच्या आत. त्यासाठी आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास जास्त येतो, तेव्हा अँटिक्लोरिन, म्हणजे क्लोरिन घालवणारं द्रावण, मोजून आणि न विसरता टाका. तुमचा टॉप फिल्टर आत्ता चालेल. मोठ्या टँकला तासाला चार-पाच वेळा सगळं पाणी फिरवेल असा कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, आणि एक पॉवरहेड, म्हणजे प्रवाह करणारा छोटा पंप, लागेल. त्यांना वाहतं पाणी आवडतं, प्रवाहासमोर उभे राहून पोहतात.

कॅनिस्टर घेतलात तर वीज जाण्याचा विचार करा. तीन-चार तासांच्या वर वीज गेली की बंद डब्यातले जिवाणू प्राणवायूविना मरायला लागतात, आणि वीज आल्यावर तेच सडकं पाणी टँकमध्ये येतं. एवढा वेळ बंद राहिला असेल तर डबा उघडून, टँकच्याच पाण्यात स्पंज पिळून मग चालू करा. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

गोगलगायींबद्दल थोडक्यात. लोच त्या खातो हे खरं, शंखाच्या तोंडात तोंड खुपसून ओढून काढतो. पण गोगलगायी वाढतात उरलेल्या अन्नावर. तुम्ही सकाळी चिमूटभर फ्लेक्स टाकता, गोल्डफिश वरच्यावर खातात, उरलेलं तळाशी कुजतं, आणि लोच, जो संध्याकाळी खातो, उपाशी राहतो. बुडणाऱ्या गोळ्या आणा आणि दिवा बंद करायच्या वेळी टाका. आठवड्यातून दोन-तीनदा फ्रोझन ब्लडवर्म किंवा सोललेल्या कोळंबीचे बारीक तुकडे, एखाद्या दिवशी उकळत्या पाण्यात बुडवून काढलेली काकडीची चकती. नाल्यातले जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, मी कुणालाच सुचवत नाही, रोग आणतात. रात्री काकडीचं देठ टँकमध्ये ठेवलंत तर सकाळी त्यावर गोगलगायींचा पुंजका मिळेल, तो उचलून टाका.

भरपूर खाऊनही पोट आत गेलेलं दिसलं आणि वरून बघताना डोक्यामागे अंग एकदम अरुंद झालेलं वाटलं, तर पोटात जंत असतात. नदीतून पकडलेल्या लोचमध्ये हे फार दिसतं आणि तुमचा गेलेला मासा असाच होता का ते आठवून बघा. यावर लेव्हामिसोल चालतं, ते गुराढोरांच्या औषधांच्या दुकानात मिळतं. मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम, आणि ती शुद्ध औषधाची, बाटलीतल्या द्रावणाची नव्हे. प्रकाशात ते निकामी होतं म्हणून दिवा बंद ठेवून २४ तास, मग मोठा पाणीबदल आणि तळ साफ, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. हे गणित कागदावर मांडून पशुवैद्याकडून तपासून घ्या. इक चालू असताना हे करू नका, आधी तो संपू दे.

मासे हलवताना जाळी वापरू नका. डोळ्याखाली दोन टोकांचा काटा असतो, एरवी कातडीत मिटलेला, घाबरला की खटकन बाहेर येतो आणि जाळीत रुततो. मासा जितका धडपडतो तितके धागे आवळत जातात. तसं झालंच तर ओढू नका. ओल्या हातानं मासा पाण्यातच धरा, काट्याभोवतीचे धागे बारीक कात्रीनं एकेक कापा. जाळी गेली तरी चालेल, काटा तुटला की डोळ्याखाली जखम चिघळते. बरं म्हणजे मोठी प्लॅस्टिकची बरणी पाण्यात आडवी धरायची, मासा पाइपात असताना पाइपची दोन्ही टोकं तळव्यांनी झाकून पाइपासकट त्यात घ्यायचा. दुकानातून आणताना दुहेरी पिशवी मागा.

सोबती म्हणून गोल्डफिश इथं बसतच नाहीत, त्यांना थंड पाणी हवं. त्यांचा वेगळा टँक करा. एंजलचे लांब पंख लोच कधीमधी कुरतडतात, सगळेच नाही. टायगर बार्ब, मोठे डॅनियो, रेनबो हे चपळ मासे चांगले. कोळंबी ठेवू नका, खाल्ली जाईल.

आता मोठ्या टँकच्या निर्णयाबद्दल स्पष्ट बोलतो. सहा फुटी टँक तुमच्या घरात दोन वर्षांत येऊ शकतो असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर हे दोघे बरे झाल्यावर चार फुटी टँक घ्या, त्याच मापाचे आणखी चार आणा, पण त्यांना वेगळ्या टबात चार आठवडे ठेवून मगच एकत्र करा. भाड्याचं घर असेल, बदलीची नोकरी असेल, किंवा घरच्यांची तयारी नसेल, तर हे दोघे अशा माणसाला द्या ज्याच्याकडे आधीच घोळका आहे. यात कमीपणा नाही. तिथं ते दहा मिनिटांत घोळक्यात मिसळतील. गोदावरीत किंवा धरणात मात्र कधीही सोडू नका. तिथला मासा नाही, आणि आपल्या टँकमधले रोग नदीतल्या माशांना लागतात.

लोच तुम्हाला आवडलेच असतील तर तीन फुटात ठेवण्याजोगा लोच आपल्या सह्याद्रीत आहे. बोटिया स्ट्रायाटा, दुकानात झेब्रा लोच म्हणतात. पिवळट अंगावर बारीक तिरक्या काळ्या पट्ट्या, लांबी फार तर ८-९ सेंटिमीटर. १९२० मध्ये तुंगा नदीतल्या तीर्थहळ्ळीच्या माशावरून त्याचं वर्णन झालं, आणि १९५६ मध्ये कोल्हापूरच्या माशाला कोल्हापुरेन्सिस असं नावही दिलं गेलं होतं. कृष्णेच्या खोऱ्यातल्या स्वच्छ, वाहत्या, दगडगोट्यांच्या प्रवाहात तो सापडतो. स्वभावानं शांत, २२ ते २६ अंशांत खूश, गोगलगायी हाही खातो. सहा जण तुमच्या तीन फुटी टँकमध्ये राहतील, फक्त रुंदी फूटभरच असल्यानं सोबत इतर मासे थोडेच ठेवा. मात्र आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. त्यामुळे दुकानदाराला कुठून आला ते विचारा, शेतीत वाढवलेला असेल तरच घ्या, आणि नदीवर जाऊन स्वतः पकडण्याच्या फंदात पडू नका. उत्तरेतल्या गंगेच्या खोऱ्यातला योयो लोच सहज मिळतो आणि दणकट आहे, पण तो १२-१५ सेंटिमीटर होतो आणि दांडगा असतो, त्याला चार फूट हवेत.

राहिलं गणपतीचं. निरोगी, भरल्या अंगाचा लोच आठवडाभर न खाता आरामात राहतो. जाण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवसापासून खाणं बंद, गोगलगायी तेवढ्यात संपवतील. आठवड्याचं म्हणून मिळणारे पांढरे खाद्याचे ठोकळे टाकू नका, विरघळून पाणी नासवतात. शेजाऱ्यांकडे किल्ली द्या, पण खाद्याचा डबा कपाटात ठेवा. त्यांनी रोज फक्त दोन गोष्टी बघायच्या. फिल्टरमधून पाणी पडतंय का, आणि थर्मामीटर २६ ते २९ मध्ये आहे का. वीज जाऊन आल्यावर फिल्टर आपोआप चालू होत नसेल तर कोणतं बटण दाबायचं ते त्यांना निघण्याआधी प्रत्यक्ष दाबून दाखवा.